हॉपचा सुगंध
इंग्लंडात केंट परगण्यातील फॅव्हरशॅमला सप्टेंबरात पोहोचलो, तो हॉपच्या वेलींची तोडणी चाललेली. आमचे यजमान ऐंशीला टेकलेले. बालपणी आईबरोबर लंडनहून याच तोडणीला येत. पुढे यंत्रे आली, ती कुटुंबे येईनाशी झाली.

घरी बिअर करण्यास तेथे १९६३ पासून परवाना लागत नाही. उकळताना घातलेला हॉप कडूपणा देतो, सुगंध मात्र वाफेबरोबर जातो. म्हणून आंबून निवालेल्या बिअरच्या पोलादी पिंपात त्यांनी सुक्या फुलांची मलमलीची पुरचुंडी दोऱ्याने सोडली. चौथ्या दिवशी काढली. फार दिवस राहिल्यास गवताचा वास येतो म्हणे.

आम्ही बडोदेकर, दारूबंदीच्या राज्यातले, त्यातून घरचे वळण! पेला नुसता हुंगला. संत्र्याची साल, मध, किंचित माती.

"आईच्या एप्रनला हाच वास असे," ते म्हणाले, आणि पेला बराच वेळ तसाच हाती धरून बसले.