बियासणं आणि मोबाइलमधले डॉक्टर

दुपारची भांडी आवरली की आमच्या पांढुर्ण्यातल्या बऱ्याच घरांतून एकच आवाज येतो. पूर्वी तो टीव्हीवरच्या सासवा-सुनांचा असायचा, आता मोबाइलमधल्या डॉक्टरांचा असतो. एक सांगतो गहू सोडा, दुसरा सांगतो दूध सोडा, तिसरा रोज एक नवी भाजी धरून तिची बदनामी करतो. अंगात पांढरा कोट, मागे पुस्तकांचं कपाट, गळ्यात स्टेथोस्कोप. समोर पेशंट नसताना स्टेथोस्कोप कशाला, हे मला अजून कळलेलं नाही. आणि बहुतेकांच्या बोलण्याच्या शेवटी एक डबा निघतो. पावडरचा, नाहीतर कॅप्सूलचा.

आम्ही जैन बाया या डॉक्टरांना फार लवकर सापडतो. खाणं सोडा म्हणणारा माणूस आम्हाला परका वाटतच नाही. लहानपणापासून आम्ही सोडतच आलो. दिवेलागणीनंतर जेवण नाही, कंदमूळ नाही, चातुर्मासात पालेभाजी नाही. नवकारसी, पोरसी, बियासणं, एकासणं, आयंबिल ही आमच्या घरातली रोजची भाषा. जिनं एक दिवसाआड उपवास करत वर्षीतप पार पाडला, तिला "सातनंतर काही खाऊ नका" सांगणारा डॉक्टर आपल्याच स्थानकातला वाटला तर नवल काय?

दीक्षित डाएट आलं तेव्हा हेच झालं. लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजातले डॉ. जगन्नाथ दीक्षित. दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत संपवा, मधे काही तोंडात टाकू नका, रोज 45 मिनिटं चाला. आमच्या महिला मंडळात एकच हशा पिकला. "अगं, हे तर बियासणं!" आणि हशामागे अभिमानही होता बरं का. या कल्पनेचं मूळ स्वतः दीक्षित ज्यांना देतात ते डॉ. श्रीकांत जिचकार तर आमच्या शेजारचेच. पांढुर्ण्याहून नागपूरच्या गाडीत बसलं की नरखेडनंतर काटोल येतं, त्या काटोलचे ते आमदार होते. डॉक्टर, आयएएस, आणि पदव्या इतक्या की लोक मोजायचे. 2004 च्या जूनमध्ये कोंढाळीजवळ अपघातात गेले. त्यांचं बोलणं दीक्षितांनी पुढे गावोगाव नेलं. व्याख्यानं फुकट, विकायला काही नाही. सरकारनंही त्यांना स्थूलतेविरुद्धच्या मोहिमेचा चेहरा केलं.

त्याच वेळी मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगत होत्या, दर दोन तासांनी थोडं थोडं खा. झालं! घराघरात दोन पक्ष. आमच्याकडे सासरे दीक्षित, सून दिवेकर, आणि स्वयंपाकघर दोघांचं सांभाळणारी मी.

यात कोण बरोबर हे सांगायला मी डॉक्टर नाही. मी बी.ए. आहे, तेही मराठी घेऊन. पण एक गोष्ट मी नीट पाहिली. दीक्षितांच्या व्याख्यानात आधी रक्त तपासा हे असतं, हे लहान मुलांसाठी नाही, गरोदर बायांसाठी नाही हेही असतं. तेच व्याख्यान कापून कापून दीड मिनिटाचं होऊन आमच्या ग्रुपवर येतं तेव्हा "दोनदा जेवा" एवढंच उरतं, अटी गळून जातात. ज्याला साखरेच्या गोळ्या चालू आहेत, इन्सुलिन चालू आहे, त्यानं एकाएकी जेवणं कमी केली तर साखर एकदम खाली जाऊ शकते, घाम सुटतो, माणूस बेशुद्ध पडतो. हे ज्या वाक्यात सांगितलेलं असतं ते वाक्य कुणी पुढे पाठवत नाही.

आमच्या अभिमानाचंही तसंच. 2016 चं वैद्यकाचं नोबेल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना मिळालं, आणि पर्युषण आलं की दरवर्षी आमच्याकडे संदेश फिरतो, "उपवासाला नोबेल मिळालं." नाही हो मिळालं. पेशी आपलेच जुने, मोडके भाग कशा मोडीत काढून पुन्हा वापरतात, ते त्यांनी शोधलं, आणि शोधलं ते यीस्टवर. पाव फुगवायला घालतो ते यीस्ट. आमची अठाई त्यांनी तपासलेली नव्हती. मला तर हा संदेश पाहून जरा वाईटच वाटतं. आजीनं जन्मभर तप केलं ते कर्मनिर्जरेसाठी. आता त्याला जपानहून सर्टिफिकेट लागतं का?

माझ्या मोठ्या नणंदबाई सौंसरला असतात. आम्ही त्यांना ताईच म्हणतो. वय एकोणसाठ, साखरेचा आजार बारा वर्षांपासून. संत्र्याचा बगीचा, भरलेलं घर, पण मुलं पुण्याला आणि भाऊजी दिवसभर वावरात. तज्ज्ञ डॉक्टरला दाखवायचं तर नागपूर. पांढुर्णा आणि सौंसर मिळून 2023 मध्ये वेगळा जिल्हा झाला, पण साखरेच्या मोठ्या डॉक्टरसाठी रस्ता अजून नागपूरचाच धरतो आम्ही. सोबत कुणीतरी हवं, अख्खा दिवस जातो, आणि तिथं गेल्यावर डॉक्टर चार मिनिटांत उठवतात. "गोड कमी करा, वजन कमी करा, तीन महिन्यांनी या." मोबाइलमधला डॉक्टर मात्र घरी येतो. "माँजी" म्हणतो. डोळ्यांत डोळे घालून वीस मिनिटं बोलतो. ताईंशी वीस मिनिटं सलग कोण बोलत होतं त्या घरात?

त्या डॉक्टरनं सांगितलं, गोळ्यांनी किडनी जाते, माझी पावडर घ्या, साखर मुळापासून जाईल. ताईंनी डबे मागवले, महिन्याला साडेतीन हजारांचे. मला फोनवर म्हणाल्या, "वहिनी, गोळ्या बंद केल्या मी. आणि सांगू, सहा किलो वजन उतरलं! ब्लाउज सैल होऊन राहिले सगळे." आवाजात असा आनंद होता की काय सांगू. मी विचारलं, पाणी किती पिता? म्हणाल्या, "खूप तहान लागते गं, रात्री चारदा उठते. डॉक्टर म्हणतात विष बाहेर पडून राहिलं."

माझ्या वडिलांना हाच आजार होता, म्हणून ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. साखर फार वाढली की शरीराला ती वापरता येत नाही. ती लघवीवाटे जाते, सोबत पाणी ओढून नेते, आणि शरीर मग स्वतःची चरबी नि स्नायू जाळायला लागतं. वजन उतरतं ते असं. ताईंना ज्याची खुशी वाटत होती, तेच आजार बळावल्याचं लक्षण होतं.

मी त्याच वेळी भाच्याला पुण्याला फोन केला, भाऊजींनाही केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई नाश्त्याच्या ताटासमोर बसल्या बसल्या गुंगीत गेल्या. गाडी काढून नागपूर गाठलं तेव्हा साखर 512 होती. चार दिवस आयसीयू, मग इन्सुलिन. वाचल्या. डाव्या पायाच्या अंगठ्याची जखम भरायला मात्र तीन महिने लागले. डबेवाल्यांच्या नंबरवर भाच्यानं फोन लावला तर उत्तर मिळालं, "हे तर फूड सप्लिमेंट आहे, औषध आहे असं आम्ही कधी म्हटलं?"

आणि डब्यावर खरंच तसं छापलेलं असतं. "औषधी वापरासाठी नाही" हे वाक्य अशा प्रत्येक सप्लिमेंटवर लिहिणं कायद्यानं बंधनकारक आहे. बारीक इंग्रजी अक्षरांत असतं, आपण चष्मा लावून वाचत नाही. तोंडानं म्हणायचं साखर मुळापासून जाईल, आणि डब्यावर लिहायचं हे औषध नाही. साखरेचा आजार किंवा लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला आपल्याकडे 1954 पासून कायद्यानं बंदी आहे, बरं! डॉक्टरनं कुठल्याही कंपनीच्या मालाची जाहीर भलामण करू नये, असं वैद्यक परिषदेच्या आचारसंहितेत 2009 च्या दुरुस्तीनं घातलं गेलं. कायदे आहेत. मोबाइल त्यांच्यापेक्षा जोरात चालतो, एवढंच. आता तर दिसणारा डॉक्टर खरा तरी आहे का हेही पाहावं लागतं. बंगळूरचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. देवी शेट्टी यांना आपल्या नावाचा आणि चेहऱ्याचा असा गैरवापर थांबवा म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं.

असं वाटतं की हे खेडवळ बायांच्या भोळेपणामुळे होतं. मुळीच नाही. अमेरिकेत डॉ. मेहमेत ओझ म्हणून हृदयाचे सर्जन, टीव्हीवर फार गाजलेले. 2012 मध्ये त्यांनी हिरव्या कॉफीच्या बियांचा अर्क वजन उतरवायला जादूसारखा आहे असं सांगितलं आणि दुकानं रिकामी झाली. माझ्या भाचीनं लग्नाआधी नागपूरहून आणलेली ग्रीन कॉफी त्याच लाटेतली. आता गंमत ऐका. ज्या अभ्यासाच्या जोरावर हे सगळं चाललं होतं तो आपल्या बंगळूरला झालेला, आणि त्यात माणसं होती सोळा. आमच्या भिशीत याहून जास्त बाया असतात! पुढे त्या अभ्यासातली वजनंच बदललेली निघाली, तो मागे घेतला गेला, ज्या कंपनीनं तो करवून घेतला तिनं 35 लाख डॉलर भरायचं कबूल केलं. 2014 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सिनेटच्या समितीनं ओझ यांना समोर बसवून जाब विचारला. त्याच वर्षी डॉक्टरांच्या एका पथकानं त्यांच्या कार्यक्रमातले सल्ले एकेक करून तपासले, तर निम्म्याहून कमी सल्ल्यांना पुरावा सापडला. आणि 2025 मध्ये हेच ओझ अमेरिकेत म्हाताऱ्यांच्या आणि गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या खात्याचे प्रमुख झाले. प्रसिद्धी एकदा चिकटली की धुतली जात नाही.

ताई बऱ्या झाल्या त्या वर्षी चातुर्मासात पांढुर्ण्याला आल्या. माझ्यासोबत महासतीजींकडे गेल्या, म्हणाल्या, मला उपवासाचं पच्चक्खाण द्या, जीव वाचला म्हणून तेला करायचाय. महासतीजींनी आधी विचारलं, इन्सुलिन किती वेळा घेता? डॉक्टरांना विचारलं का? ताई गप्प. मग त्यांनी उपवासाचं पच्चक्खाण दिलंच नाही. रोज एक सामायिक करा म्हणाल्या, आणि रागावर ताबा ठेवायचा नियम दिला. बाहेर आल्यावर ताई मला म्हणाल्या, "तो उपवासापेक्षा अवघड आहे गं."

आपल्या पच्चक्खाणात आगार असतात, म्हणजे सवलती. चुकून तोंडात काही गेलं तर, दुखणं बळावून मनाची समाधी ढळायला लागली आणि औषध घ्यावं लागलं तर, व्रत मोडलं असं धरत नाहीत. ज्यांनी हे नियम केले त्यांना माणसाचं शरीर माहीत होतं. आणि देणारी समोर बसलेली असते, घेणारीचा चेहरा पाहते. वीस लाख लोकांना एकदम पच्चक्खाण देणारा कुणी मी पाहिला नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे सगळेच डबे खोटे का? नाही. इथंच तर खरी पंचाईत आहे. आपल्यासारख्या शुद्ध शाकाहारी घरांत बी-12 ची कमतरता खरोखर खूप आढळते, कारण ते वनस्पतींतून मिळत नाही. दूध-दह्यातून थोडं मिळतं, पण वयानुसार तेही पचनी कमी पडतं, आणि साखरेची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर आणखी कमी होतं. हातापायांना मुंग्या येतात, विसराळूपणा येतो, तोल जातो, आणि आपण म्हणतो, वय झालं. साधी रक्ततपासणी, साध्या गोळ्या नाहीतर इंजेक्शनं. त्यात मोठा नफा नसावा, म्हणून कुठला गाजलेला डॉक्टर त्यावर वीस मिनिटं बोलत नाही.

उलट गाजलेल्या डब्यांत काय असतं ते आपल्या बायांनी पाहायला हवं. चेहऱ्याला तजेला म्हणून जे कोलॅजन विकतात ते जनावरांच्या कातडीचं, हाडांचं किंवा माशांचं असतं. ओमेगाच्या पिवळ्या पारदर्शक कॅप्सूल बहुतेक माशाच्या तेलाच्या, आणि वरचं कवच जिलेटिनचं. बटाटा न खाणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीच्या फ्रिजमध्ये मी हे दोन्ही पाहिलं. डब्यावर तपकिरी त्रिकोण होता. तिनं सहा महिन्यांत तो एकदाही पाहिला नव्हता, कारण डॉक्टर छान बोलत होता.

माझं स्वतःचं बी-12 फार कमी निघालं तेव्हा गावातल्याच आमच्या जुन्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. सासूबाई सोबत होत्या, वय त्र्याऐंशी. त्यांनी विचारलं, "हे कशाचं करतात?" डॉक्टर म्हणाले, "आजी, हे जंतूंपासून करतात, मोठ्या टाक्यांमध्ये." सासूबाईंनी जरा विचार केला. मग म्हणाल्या, "दह्यासारखं?" डॉक्टर हसले, म्हणाले, साधारण तसंच. सासूबाई म्हणाल्या, "मग माझंही रक्त काढून घ्या. मलाही पायात मुंग्या येतात." त्यांचं तर माझ्याहूनही कमी निघालं. आता आमच्या दोघींच्या गोळ्या एकाच डबीत असतात, आणि सूर्यास्ताच्या आत घेतल्या की नाही ते त्याच मला विचारतात.