भिशी निघेपर्यंत थांबलो, ते चुकले

हा अनुभव आम्ही नवरा-बायकोने मिळून लिहिला आहे. हातावर पोट असलेल्या ज्या घरांत लहान मुले आहेत, त्यांनी तो वाचावा, एवढीच इच्छा.

आमचा धाकटा १४ महिन्यांचा होता. आंघोळ घालताना त्याच्या उजव्या जांघेत सुपारीएवढी गाठ दिसली. रडला की फुगायची, झोपला की नाहीशी व्हायची. शेजारच्या मावशींनी कापडात नाणे गुंडाळून घट्ट बांधायला सांगितले. आम्ही आठ दिवस बांधलेही. कातडी सोलली, गाठ तशीच राहिली. मग वस्तीतल्या डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, "हा हर्निया आहे. ऑपरेशनशिवाय जायचा नाही. लवकर करून घ्या."

दाजींना सांगितले, तर ते म्हणाले, "आता सगळं दुर्बिणीतून होतं. पैशाकडं बघू नका. चिरून करायचं ते गरिबाचं."

हे शब्द आम्हाला लागले. आपल्या वाट्याला जे कमी प्रतीचे आले, ते लेकराच्या वाट्याला येऊ नये, असे कोणत्या आईबापाला वाटणार नाही? खाजगी दवाखान्यात दुर्बिणीच्या ऑपरेशनचा खर्च विचारला. तो आमच्या दोघांच्या कित्येक महिन्यांच्या कमाईएवढा होता. महापालिकेच्या रुग्णालयात चिरून करतात असे कळले, म्हणून तिकडे गेलोच नाही. दिवाळीला भिशी निघणार होती. तोवर थांबायचे ठरवले.

ऑगस्टमधल्या एका रात्री गाठ आत गेलीच नाही. दगडासारखी कडक झाली. पोर हात लावू देईना, दूध उलटले. रिक्षा करून महापालिकेच्याच रुग्णालयात धावलो. डॉक्टरांनी औषध देऊन त्याला शांत केले आणि हळूहळू दाबून अडकलेले आतडे आत सरकवले. म्हणाले, "आणखी उशीर झाला असता, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटला असता." त्या रात्री आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू शकलो नाही.

सूज उतरावी म्हणून दोन दिवस वॉर्डात ठेवले. तेव्हा धीर करून आम्ही लहान मुलांच्या सर्जन मॅडमना विचारले, "मॅडम, आमच्याकडे पैसे नाहीत म्हणून चिरून करताय का?"

मॅडम रागावल्या नाहीत. केसपेपरच्या मागे त्यांनी चित्र काढले. बाळ आईच्या पोटात असताना अंडकोष पोटातून खाली उतरतो. त्याच्याबरोबर पोटाच्या आतल्या पडद्याची एक पिशवी खाली येते. तिचे तोंड जन्माच्या सुमारास आपोआप मिटायला हवे. ते उघडे राहिले की त्यातून आतडे जांघेत उतरते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत हे जास्त आढळते. मुलींनाही होते, त्यांच्यात कधी कधी अंडाशय अडकते.

"ऑपरेशन म्हणजे या पिशवीचं तोंड बांधायचं," मॅडम म्हणाल्या. "मोठ्या माणसासारखी जाळी इथं लागत नाही. चिरून केलं तरी तेच तोंड बांधायचं, दुर्बिणीतून केलं तरी तेच."

मग फरक कोणता? चिरून करताना जांघेच्या वळीत दोन-तीन सेंटिमीटरचा छेद पुरतो. दुर्बिणीसाठी बेंबीतून बारीक कॅमेरा घालतात, पोटात वायू भरून जागा करतात. त्याला पूर्ण भूल लागते. दुर्बिणीचा मोठा फायदा म्हणजे दुसरी बाजूही दिसते. एका बाजूचे चिरून केल्यावर शंभरातल्या साधारण ७ मुलांना पुढे दुसऱ्या बाजूला हर्निया होतो. पण कॅमेऱ्यात उघडे दिसलेले प्रत्येक तोंड पुढे हर्नियाच होते असेही नाही. दोन्ही बाजूंना हर्निया असेल किंवा एकदा केलेला पुन्हा उलटला असेल, तर दुर्बीण सोयीची पडते. मुलीच्या बाबतीतही पुष्कळ सर्जन तिला पसंती देतात. एकाच बाजूचा साधा हर्निया असेल, तर दोन्ही पद्धतींत वेदना, घरी जाण्याचा दिवस आणि पुन्हा उलटण्याचा धोका यांत फारसा फरक नाही. सर्जनचा हात कोणत्या पद्धतीवर बसला आहे, यावर जास्त अवलंबून असते.

"माझ्या मुलाचा असा हर्निया असता, तर मी त्याचंही असंच केलं असतं," मॅडम म्हणाल्या. आमच्या मनावरचे ओझे उतरले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झाले. तासाभरात पोर बाहेर आले. आतडे एकदा अडकून गेल्यामुळे एक रात्र जास्त ठेवले. नाही तर बहुतेक मुले त्याच दिवशी घरी जातात. टाके आतून विरघळणारे होते. चौथ्या दिवशी तो घरात धावू लागला, आम्हालाच त्याला धरून ठेवावे लागले. आज ती रेघ वळीत शोधावी लागते.

दाजींचे मन वाईट नव्हते. आम्हीही तसेच समजत होतो. महाग ते चांगले आणि आपल्याला परवडते ते हलके, हे मनात इतके खोल बसले आहे की त्यापायी आम्ही लेकराचा जीव धोक्यात घातला.

म्हणून माता-भगिनींनो आणि बंधूंनो, बाळाच्या जांघेत गाठ दिसली तर नाणे, पट्टा बांधू नका. बेंबीचा फुगा बहुतेक वेळा चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप मिटतो, जांघेतला मिटत नाही. लहान मुलांच्या सर्जनला दाखवा. "आमच्या बाळाला कोणती पद्धत आणि का?" हे न लाजता विचारा. सरकारी योजनेत बसते का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. भूल देण्याआधी दूध आणि पाणी किती तास बंद ठेवायचे, तेही नीट लिहून घ्या. आणि गाठ कडक झाली, दुखू लागली, बाळ उलट्या करू लागले, तर सकाळची वाट पाहू नका.

पद्धत कोणती, याचा विचार दवाखान्यात बसून करता येतो. घरात बसून भिशीची वाट पाहू नका.