बाळाचीं खेळणीं

आमच्या सांगलीच्या घरीं गेल्या संक्रांतीस नातवाचें बोरन्हाण झालें. नातू तेव्हां दहा महिन्यांचा. साताऱ्याहून माझी धाकटी बहीण मुद्दाम आली होती. शेजारचीं दहाबारा मुलें जमलीं होतीं. काळ्या झबल्यावर हलव्याचे दागिने घालून चिरंजीव पाटावर विराजमान झाले होते. ते दागिने मात्र फोटोपुरतेच अंगावर राहिले. सूनबाईनें ते लगेच काढून ठेवले.

त्याआधीं दोन दिवस घरांत एक लहानसा वाद झाला होता. बोरें, शेंगा, हरभरे आणि उसाचे करवे हें सर्व बाजूस सारून सूनबाईनें केवळ चुरमुरे व झेंडूच्या पाकळ्या घ्यावयाच्या ठरविल्या. "बोरांवांचून बोरन्हाण म्हणजे तांदळावांचून अक्षता!" असें मी म्हणालों, आणि बहिणीनें माझीच री ओढली. सूनबाई शांतपणें म्हणाली, "बाबा, त्याला दात दोन, आणि दिसेल तें तोंडांत घालायची हौस. शेंगदाणा श्वासनळींत गेला तर काय करायचें?" मला तें नव्या पुस्तकांतील खूळ वाटलें. तथापि समारंभ तिच्या म्हणण्याप्रमाणें झाला.

मीं मात्र माझी हौस वेगळ्या मार्गानें भागविली होती. बाजारांतून एक मखमली माकड आणलें होतें. पोट दाबलें कीं चूं करणारें, आणि वाटोळ्या चकचकीत डोळ्यांचें. बायका आंत हळदीकुंकवांत गुंतल्या होत्या. बाळ माझ्यापुढें सतरंजीवर त्या माकडाशीं खेळत होता. मी कोणाशीं तरी बोलत होतों. मग एकाएकी मला जाणवलें कीं, मूल फार शांत झालें आहे. रडणें नाहीं, खोकणें नाहीं. तोंड उघडें, आणि ओठ निळसर. मी ओरडलों. कोणी म्हणालें उलटें धरा, कोणी तोंडांत बोट घालूं लागलें. सूनबाई धांवत आली, खालीं बसली, बाळाला हाताच्या पुढल्या भागावर पालथें घेऊन त्याचें डोकें खालच्या बाजूस केलें, आणि तळहाताच्या टांचेनें पाठीवर, दोन्ही खवाट्यांच्या मध्यें, जोरानें थापट्या मारल्या. चौथ्या थापटीस माकडाचा एक डोळा सतरंजीवर पडला आणि बाळानें टाहो फोडला. पांच थापट्यांनीं न निघतें तर उताणें करून छातीवर पांच वेळां दाबावयाचें, आणि बोट घालून आंधळेपणानें चांचपावयाचें नाहीं, हें तिनें बाळंतपणापूर्वींच शिकून घेतलें होतें. घरांतील आम्हां तिघां वडील माणसांपैकीं एकालाही तें येत नव्हतें.

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. कारण माझी लाज दुहेरी होती. संस्कृत शिकविण्यांत माझा जन्म गेला. चरकसंहितेच्या शारीरस्थानांतील आठव्या अध्यायांत बाळाच्या खेळण्यांचें वर्णन आहे, तें मला मुखोद्गत आहे. खेळणीं तऱ्हेतऱ्हेचीं, आवाज करणारीं व मनोहर असावींत. पण तीं जड नसावींत, अणकुचीदार नसावींत, तोंडांत शिरतील अशीं नसावींत, प्राणावर बेततील वा भय उपजवितील अशींही नसावींत, असा त्याचा आशय. पूर्वजांच्या दूरदृष्टीचा दाखला म्हणून मीं तें व्याख्यानांतून कितीदां तरी सांगितलें असेल, टाळ्याही घेतल्या असतील! आणि दुकानांत माकड हातीं घेतलें तेव्हां त्यांतलें एक अक्षरही आठवलें नाहीं. सकाळीं मीं हें सूनबाईस सांगितलें. ती म्हणाली, "मग बोरांवरून वाद कशाला घातला, बाबा?" मजपाशीं उत्तर नव्हतें. मीं तिची क्षमा मागितली. सासऱ्यानें सुनेची क्षमा मागावी हें बहिणीला मुळींच रुचलें नाहीं. परंतु तो प्रश्न आमच्या वयाचा आहे, खेळण्यांचा नव्हे.

त्या दिवशीं सूनबाईनें जाड पुठ्ठ्याची सव्वा इंच रुंदीची एक नळी केली. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांची परीक्षा हल्लीं अशाच मापानें करतात. प्रयोगशाळेंतील नळीची रुंदी ३१.७ मिलिमीटर असते. जें तींत मावेल तें मुलाच्या घशांतही अडकूं शकेल, असा हिशेब. आम्हीं दोघांनीं खेळण्यांची टोपली पालथी केली, आणि निम्मी टोपली बाद झाली. मग बॅटरीवर चालणारीं खेळणीं निघालीं. बटणासारखी चपटी बॅटरी अन्ननलिकेंत अडकली तर दोन तासांच्या आंत तेथें भाजल्यासारखी जखम होऊं लागते, हें मला तोंवर ठाऊक नव्हतें. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशांत खेळण्यांवर आय. एस. आय. ची खूण सक्तीची झाली आहे. मीं एकाक्ष माकड उलटसुलट करून पाहिलें. खूण कोठेंच नव्हती.

त्या टोपलीच्या निमित्तानें मी नातवाकडे प्रथमच शिक्षकाच्या दृष्टीनें पाहूं लागलों. तो जन्मला तेव्हां त्याला वीत-दीड वीत अंतरावरचें काय तें दिसे. त्या वेळीं आईच्या मुखाहून दुसरें खेळणें नव्हतेंच. आम्हीं पाळण्यावर बांधलेलें चिमणाळें बाजूनें फार देखणें होतें, परंतु निजलेल्या मुलास त्यांतील राघूंचीं केवळ पोटें दिसत! चौथ्या महिन्याच्या सुमारास मूठ वळूं लागली, तेव्हां बारीक दांड्याचा हलका खुळखुळा कामाचा ठरला. चांदीचा, आत्याबाईनें दिलेला, जड होता आणि कपाळावर आपटत असे. पुढें तो वस्तु या हातांतून त्या हातांत घेऊं लागला. आतां वाटी खालीं टाकतो आणि वांकून पाहतो. आपण उचलून दिली कीं पुन्हां टाकतो. याला आपण खोडी म्हणतों. पण दृष्टीआड गेलेली वस्तु असते कीं नसते, याचा तो शोध चालवीत असतो. त्या वयास दोन वाट्या, एक लांकडी पळी आणि झांकणाचा रिकामा डबा यांहून अधिक कांहीं लागत नाहीं. डब्यांत घालणें आणि बाहेर काढणें यांत त्याचा तास जाई.

शूद्रकाच्या मृच्छकटिकांतील रोहसेन मातीच्या गाडीवर रुसतो, सोन्याचीच हवी म्हणून रडतो. आमच्या शेजारच्या हरिपूरच्या देवलांनीं तें नाटक मराठींत आणलें, त्यामुळें तो प्रसंग इकडे घरोघर ठाऊक. पण रोहसेन कांहीं तान्हा नव्हे. शेजारच्या मुलाची गाडी पाहून तुलना करण्याइतका तो मोठा आहे. तान्ह्याला सोनें आणि माती सारखींच; सोन्याचा हव्यास असतो तो आजोबांना. वसंतसेनेनें त्या गाडींत दागिने भरले, तें काव्यदृष्ट्या उत्तमच. आमच्या सूनबाईनें मात्र आधीं नळी काढली असती. शाकुंतलाच्या सातव्या अंकांतील तापसी मला आतां अधिक शहाणी वाटते. सर्वदमनाच्या हातचा सिंहाचा छावा ती हिसकावून घेत नाहीं. त्याला रंगीत मातीचा मोर आणावयास सांगते. घरांत चष्मा, किल्ल्या वा मोबाईल सोडविण्यास हीच युक्ति चालते.

वैशाखांत बहिणीनें साताऱ्याहून चाकांचा वॉकर पाठविला. मूल त्यांत बसून खोलीभर गडगडत जातें, आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तों जिन्यापाशीं वा शेगडीपाशीं पोंचतें. त्यानें चालणें लवकर येतें हाही भ्रमच. कॅनडा देशानें तर २००४ सालीं त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. तो परत कसा करावा याची पंचाईत पडली. अखेर मींच बहिणीला फोन केला. त्याऐवजीं साताऱ्याच्या घराच्या माळ्यावरील, माझ्या वडिलांच्या वेळचा पांगुळगाडा तिनें पाठवावा असें ठरलें. पांगुळगाड्यांत बसतां येत नाहीं; मुलाला स्वतःच्या पायांवर उभें राहून तो ढकलावा लागतो, आणि यांतच त्याचा सगळा गुण आहे. मात्र जुन्या रंगांत शिसें असण्याची भीति असते, आणि खिळेही वर आले होते. म्हणून सुताराकडून रंग तासून घेऊन नवीं चाकें बसविलीं. बहिणीचा राग त्या गाड्यावरून हात फिरवितांना गेला असावा. कारण तो पाठवितांना तिनें त्याच्याबरोबर जुन्या पातळाची एक बाहुलीही शिवून पाठविली, डोळे दोऱ्यानें भरलेली.

आषाढांत बेंदूर आला. कुंभाराकडे मातीच्या बैलांची रास लागली होती. मी म्हणालों, "मोठे द्या, आणि न रंगविलेले." तो हंसून म्हणाला, "रंगाबिगर बैल कसला, गुरुजी?" तरी त्यानें भाजलेली एक तांबडी जोडी काढून दिली. पूजा झाली, नातवानें पांगुळगाडा सोडून तीन पावलें टाकलीं आणि बैल उचलला. अर्ध्या घटकेंत एका बैलाचें शिंग मोडलें. सूनबाईनें नळी आणली. शिंग तींतून अलगद खालीं पडलें. तिनें तें आपल्या मुठींत घेतलें, आणि एकशिंगी बैल पुन्हां त्याच्या हातीं दिला.