गिरणगावाची वीज आली त्या वाटेने

दादरहून खोपोली लोकलमध्ये बसणाऱ्याला कर्जतपर्यंत गर्दीतून सुटका नाही. पुढे पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी येईतो डबा रिकामा होतो आणि खिडकीत सह्याद्रीचा कडा उभा राहतो. खोपोलीत उतरलं की त्या कड्यावरून खाली आलेले जाडजूड लोखंडी पाइप दिसतात. एके काळी परळ-लालबागच्या गिरण्यांचे साचे याच पाण्याच्या जोरावर फिरत होते.

त्याआधी गिरण्या चालत कोळशावर. कोळसा यायचा थेट बंगालकडच्या खाणींतून. तो महाग पडे, शिवाय धुराने गिरणगाव काळवंडून जाई. घाटमाथ्यावर मात्र पावसाळ्याचे चार महिने पाणी नुसतं कोसळत असे. ते अडवून वीज करायची, ही जमशेटजी टाटांची धडपड. १९०४ साली ते गेले आणि काम मुलांनी पुढे नेलं. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली, ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्यात कोनशिला बसली आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईत पोहोचली.

युक्ती पाहण्यासारखी आहे. वळवणचं धरण इंद्रायणीवर. ही नदी खरं तर पूर्वेला, देशावर वाहणारी. तिचं पाणी अडवून पश्चिमेला वळवलं आणि सव्वापाचशे मीटर खाली सोडलं. पाइपाच्या तोंडाशी बारीक धार होऊन ते पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळतं, चाक गरगर फिरतं आणि त्याला जोडलेलं जनित्र वीज देतं. काम झालेलं पाणी पाताळगंगेला मिळतं. वीज मात्र तारांवरून सुमारे सत्तर किलोमीटर धावत परळच्या केंद्रात येई आणि तिथून गिरण्यांत जाई.

भूक वाढली. १९२२ मध्ये भिवपुरी, १९२७ मध्ये भिरा अशी आणखी वीजकेंद्रं आली.

भिऱ्यासाठी मुळशीचं धरण बांधायचं ठरलं, तेव्हा मावळातल्या बावन्न गावांवर संकट आलं. भातखाचरं, देवळं, घरं सगळी पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, शेतकऱ्यांनी कामाच्या जागी ठाण मांडलं. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट पुढे होते. या लढ्याने बापटांना ‘सेनापती’ हे नाव दिलं आणि शेवटी सात वर्षांची शिक्षाही. धरण झालंच. धरणाविरुद्ध इतक्या संघटितपणे उभे राहिलेले शेतकरी जगात त्याआधी क्वचितच दिसले असतील. तरी शाळेच्या पुस्तकात मुळशीला दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही, हे बरं नाही.

माहीमहून दादर, लोअर परळमार्गे महालक्ष्मीकडे जाणारा तुळशी पाइप रोड आज सेनापती बापट मार्ग आहे. त्याच्या कडेच्या गिरण्यांच्या जागी आता काचेचे मनोरे उभे आहेत. मुळशीचं पाणी आजही भिऱ्याला वीज करतं आणि ती मुंबईला येते. या रस्त्यावरून रोज ये-जा करणाऱ्यांनी एकदा तरी मुळशीला जावं, आणि जलाशयाचे फोटो काढण्याआधी काठावरच्या गावांत त्या बावन्न गावांची नावं विचारावीत.