अलाऊ

जून २०२२. हिंजवडीतल्या ऑफिसात सकाळचं स्टँडअप चालू होतं आणि माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी नंबरवरून एक फोटो आला. फोटोत माझे काका होते. खाली हिंदीत लिहिलं होतं की हा माणूस फ्रॉड आहे, पैसे घेऊन पळाला आहे, याला ओळखत असाल तर पैसे भरायला सांगा.

काका पळून जाणं सोडा, जुन्या शहरातून मोर्णेचा पूल ओलांडून बाजारात जायचं असलं तरी काकूला सांगून जातात. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचं शिलाईचं लहानसं दुकान आहे. शाळा उघडायच्या आधी गणवेशाचं कापड भरावं लागतं. त्या वर्षी हात आखडला होता, म्हणून त्यांनी एका अ‍ॅपवरून पाच हजारांचं कर्ज घेतलं. हातात तीन हजार दोनशे आले, बाकीचे 'प्रोसेसिंग'मध्ये गेले. परतफेड सात दिवसांत, पूर्ण पाच हजार. आठव्या दिवसापासून फोन सुरू झाले आणि दहाव्या दिवशी तो फोटो त्यांच्या फोनबुकातल्या लोकांकडे जायला लागला. गिऱ्हाईकांना गेला, भजनी मंडळातल्या लोकांना गेला, आणि व्याह्यांनाही गेला.

मी फोन लावला तेव्हा काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "फोननं मले इचारलं, म्या तुले इचारलं. तुनं सांगतलं, दाब."

मला आठवलं. पंधरा दिवसांपूर्वी मीटिंगच्या मधेच त्यांचा कॉल आला होता. स्क्रीनवर काहीतरी इंग्रजीत येतंय, काय करू? मी घाईत होतो. कुठलं अ‍ॅप आहे हेही विचारलं नाही. म्हणालो, "अलाऊ दाबा काका, काही होत नाही."

घरात शेगावच्या कॉलेजातून इंजिनिअर झालेला मी एकटा. माझा शब्द म्हणजे प्रमाण. आणि खरी गंमत अशी की मी ज्या कंपनीत काम करत होतो, तिच्या अ‍ॅपमधली परवानगी मागणारी स्क्रीन मीच लिहिली होती. 'मित्रांना बोलवा, शंभर रुपये मिळवा' या फीचरसाठी आम्ही अख्खं फोनबुक मागायचो. लोकांनी पटकन अलाऊ दाबावं म्हणून ते बटण मोठं आणि निळं ठेवलं होतं. 'नंतर' हे बटण फिकट करडं.

२०१५ च्या अँड्रॉइड ६ पर्यंत अ‍ॅप टाकतानाच सगळ्या परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागत. त्यानंतर अ‍ॅप एकेक परवानगी विचारायला लागलं. सुधारणा मोठी होती, पण फोनबुकाच्या बाबतीत प्रश्न तसाच राहिला, कारण तिथं एकदा हो म्हटलं की सगळं जातं. आणि त्या यादीत काका एकटे नव्हतेच. त्यात साडेतीनशे माणसं होती, ज्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं. त्यात मीही होतो.

जुन्या शहरात वाढलेल्या माणसाला प्रायव्हसी हा शब्द जरा परकाच वाटतो. आमच्या घराची भिंत शेजारच्यांची भिंत आहे. फोडणीच्या वासावरून आज भाजी कोणती ते कळतं. कोणाच्या पोरीला पाहायला कोण आलं होतं, हे पाहुणे ओट्यावरून उतरायच्या आत गल्लीला ठाऊक असतं. त्यामुळे मी मित्रांशी वाद घालायचो, "आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?"

काकांच्या प्रकरणानंतर मला फरक कळला. काकांची उधारी गल्लीला आधीही माहीत होती. किराणावाल्याला माहीत होती, समोरच्या काकूंना माहीत होती. पण त्यांनी ती व्याह्यांना सांगितली नसती. कोणतं कोणाला सांगायचं आणि कोणतं गिळायचं, याचं भान गल्लीला असतं. अ‍ॅपकडे यादी असते, भान नसतं.

पैसे मी भरले. १९३० वर तक्रार केली, स्क्रीनशॉट जपून ठेवले. त्याच सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जाचे नियम काढले: कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने फोनबुक, कॉलची नोंद, फोटो यांना हात लावायचा नाही. वाचून बरं वाटलं, पण काकांचं अ‍ॅप कुठल्या बँकेच्या हिशेबात असेल असं मला वाटत नाही. आणि काका तोवर दुकानात आतल्या बाजूला बसायला लागले होते. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराला येतात. काका दरवर्षी पहाटेपासून गल्लीच्या तोंडाशी उभे असतात. त्या वर्षी ढोल दारावरून गेले आणि ते बाहेर आले नाहीत.

जानेवारी २०२३ मध्ये संक्रांतीला घरी गेलो तेव्हा बॅगेत एक सेकंडहँड पिक्सेल होता. अँड्रॉइडचा मूळ कोड खुला आहे. तो घेऊन लोक गूगलशिवायच्या आवृत्त्या बनवतात. सायनोजेनमॉड बंद पडल्यावर २०१६ च्या शेवटी आलेली लिनिएजओएस त्यातलीच, आणि ग्राफीनओएसही. त्याच महिन्यात आयआयटी मद्रासच्या पाठबळावरच्या 'भरोस'ची बातमीही गाजत होती. मी ग्राफीन निवडली. ती तेव्हा फक्त पिक्सेलवर चालायची, म्हणजे गूगलपासून लांब जायला गूगलचाच फोन घ्यायचा. कारण साधं आहे. तो फोन कुलूप उघडून दुसरी सिस्टिम टाकू देतो आणि नंतर त्या नव्या सिस्टिमच्या किल्लीने पुन्हा कुलूप लावू देतो. सेकंडहँड घेताना मात्र सेटिंगमध्ये 'ओईएम अनलॉकिंग' चालू होतंय का, ते आधी पाहा. काही फोनवर होत नाही.

माजघरात लॅपटॉपला केबल जोडली. आईला सांगितलं, अर्धा तास कोणी वायरला हात लावू नका. बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी, अनलॉक, ब्राउझरमधूनच डाउनलोड, पुन्हा लॉक. जुनं सगळं पुसलं गेलं. काका बाजूला बसून तिळाची वडी खात पाहत होते.

मग मी त्यांना एक गोष्ट दाखवली. या सिस्टिममध्ये अ‍ॅपने फोनबुक मागितलं तर 'कॉन्टॅक्ट स्कोप्स' लावता येतात. अ‍ॅपला वाटतं परवानगी मिळाली, पण त्याला दिसते रिकामी यादी, किंवा आपण निवडलेली दोन-चार नावं. इंटरनेटची परवानगीसुद्धा अ‍ॅपनिहाय काढून घेता येते. गूगल प्ले टाकलंच तर ते इतर अ‍ॅपसारखंच साधं अ‍ॅप म्हणून राहतं, घरमालक म्हणून नाही.

काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे खोटं बोलते हा फोन?"

"अ‍ॅपशी बोलतो. तुमच्याशी नाही."

"मंग चांगला हाय."

पण हाच फोन मी त्यांना देऊ शकलो नाही, हेही सांगायला हवं. माझ्या एका बँकेचं अ‍ॅप यावर चालतं, दुसऱ्याचं उघडतच नाही. ते म्हणतं, तुमचं डिव्हाइस सुरक्षित नाही. फोन गूगलने प्रमाणित केलेला आहे का, एवढंच ते पाहतं. मी पुण्यात जुना फोन ड्रॉवरमध्ये ठेवून त्यावर ते अ‍ॅप चालवतो. काकांचं दुकान क्यूआर कोडवर चालतं. त्यांनी दोन फोन सांभाळावेत हे शक्य नाही. महिन्यातून एकदा काहीतरी अडतं, आणि अडलं की मी पाचशे किलोमीटरवर.

म्हणून त्यांचा फोन जुनाच राहिला. आम्ही दोघांनी एक अख्खी दुपार बसून त्यातल्या परवानग्या काढल्या. एकेक अ‍ॅप उघडायचं आणि विचारायचं, हे याला कशाला हवं? चौदा अ‍ॅप उडवली.

पुण्यात परतल्यावर मी ऑफिसात मांडलं की निमंत्रण पाठवायला अख्खं फोनबुक लागत नाही. अँड्रॉइडमध्ये माणूस स्वतः एक नाव निवडून देऊ शकतो, परवानगी न मागता. मॅनेजर म्हणाले, आकडे पडतील. पडले. तरी तो बदल तीन महिन्यांनी गेला, कारण मी प्रत्येक मीटिंगमध्ये तोच विषय काढायचो आणि लोक कंटाळले होते.

ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि ती बातमी अंगठ्याने वर सरकवली होती. त्या हक्काचा रोजचा वापर एका लहानशा बटणावर होतो आणि ते बटण फिकट रंगाचं असतं, हे कळायला मला पाच वर्षं आणि काकांचा एक फोटो लागला.

मागच्या श्रावणात काका पुन्हा गल्लीच्या तोंडाशी उभे होते. आईने फोटो पाठवला. व्याह्यांचं येणं-जाणं सुरू आहे, फक्त पैशाचा विषय निघाला की दोन्ही बाजू गप्प होतात. ते कोणत्याही सिस्टिमने दुरुस्त होणार नाही.

परवा मीटिंगच्या मधेच त्यांचा कॉल आला. मी बाहेर येऊन उचलला.

"काऊन बे, टॉर्च फोनबुक कायले मांगते?"

"काका, थांबा, कुठलं अ‍ॅप आहे ते आधी…"

"नाई म्हनलं म्या त्याले. तुले फक्त सांगाले फोन केला."