कोयनेच्या भिंतीतलं यंत्र

मुलांनो, कराडहून चिपळूणकडे जाणाऱ्या एस.टी.त बसा. पाटण मागे पडलं, की डोंगर जवळ येऊ लागतात आणि मग कोयनानगर येतं. इथल्या धरणाची भिंत १०३ मीटर उंच आहे. म्हणजे जवळजवळ बत्तीस मजले! मान वर करून बघावं लागतं.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट. सव्वाचार वाजून गेले होते. सगळे साखरझोपेत होते. एवढ्यात जमीन गदागदा हलली. भूकंप ६.३ रिश्टरचा होता. घरं कोसळली, दीडशेहून अधिक माणसं दगावली. धरणाच्या भिंतीलाही भेगा पडल्या. पण ती उभी राहिली. पुढे ती आणखी भक्कम करण्यात आली.

त्या वेळी भिंतीच्या आतल्या बोगद्यात एक यंत्र काम करत होतं. हिसका किती जोराचा, हे ते नोंदवत होतं. सर्वांत मोठा हिसका निघाला ०.६३ 'जी'. म्हणजे किती? तुमचं वजन ३० किलो असेल, तर कुणी तुम्हाला सुमारे १९ किलोच्या जोराने आडवं ढकललं, असं समजा. तेही एकदा इकडे, एकदा तिकडे! धरणाचा हिशेब करताना मात्र भूकंपासाठी ०.०५ एवढाच आकडा धरला होता. कारण दख्खनचं पठार तेव्हा स्थिर समजलं जाई. १९७० साली देशाचा भूकंपाचा नकाशाच बदलावा लागला.

भूकंप कधी होणार, हे आजही कुणी सांगू शकत नाही. पण झालाच, तर अमुक जागा किती जोराने हलेल, याचा अंदाज अशा जुन्या नोंदींवरून बांधता येतो. त्यासाठी तीन प्रश्न विचारतात. भूकंप केवढा? जमिनीतली भेग किती दूर? आणि पायाखाली काय, कातळ की मऊ माती?

तिसरा प्रश्न घरीच सोडवू या. ताटात एक लाकडी ठोकळा आणि एक खरवसाची मोठी वडी ठेवा. दोन्हींवर एकेक काडेपेटी उभी करा. आता ताट हलकेच हलवा. कुठली काडेपेटी आधी पडली? (नंतर खरवस फस्त करायला हरकत नाही!)

१९८५ साली मेक्सिको शहरात असंच घडलं. भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून दूर होतं. तरी जुन्या तळ्याच्या गाळावर उभ्या असलेल्या कितीतरी इमारती कोसळल्या. त्याच शहरात कातळावरच्या भागाला त्या मानाने फारच कमी धक्का बसला.

म्हणून पुढच्या वेळी भूकंपाची बातमी आली, की 'किती रिश्टर?' एवढंच विचारून थांबू नका. तिथली जमीन कशी, घरं कशी, हेही विचारा. आणि आईबाबांनो, नवं घर बांधताना किंवा घेताना तुम्हीही इंजिनिअरला विचारा, "इथली जमीन किती हलेल, हे धरून हिशेब केलाय ना?" उत्तर मिळेपर्यंत पाया खणू देऊ नका.