काही नाही, काकू

रूट कॅनाल करताना फाइल, म्हणजे दाताचं मूळ आतून साफ करायची बारीक सुई, तुटते तेव्हा आवाज होत नाही. हाताला फक्त एकदम मोकळं लागतं. बाहेर काढून पट्टीवर धरली की २५ मिलिमीटरची सुई २२ भरते. आणि माझ्या तोंडून आपसूक निघायचं, "काही नाही, काकू. जरा वेळ लागेल."

लालबागच्या दवाखान्यात कित्येक वर्षं मी हेच म्हणत आलो. तुकडा आत राहिला म्हणजे अब्रू गेली, असा हट्ट. मग अल्ट्रासॉनिक टिप लावून त्याच्याभोवती दात कोरत बसायचं. एका गृहस्थांच्या खालच्या दाढेतून तो पावणेदोन तासांनी निघाला. कापसावर ठेवून मी असिस्टंटला दाखवला, त्यांना नाही. दोन वर्षांनी ती दाढ मुळातून उभी चिरली, काढावीच लागली. भिंत पातळ केली होती मीच. "नशीब माझं," म्हणत त्यांनी जाताना मलाच नमस्कार केला. तो काही मला झेपला नाही.

मग जुनं वाचन उकरलं. क्रम्प आणि नॅटकिन या संशोधकांनी १९७० सालीच तुकडा राहिलेल्या ५३ दातांची बिनतुकड्याच्या दातांशी तुलना केली होती. अपयशात म्हणण्यासारखा फरक नव्हता. दुखणं धातूचं नसतंच, त्याच्या पलीकडे साफ न झालेल्या जंतूंचं असतं. म्हणजे फाइल कधी तुटली, सफाईआधी की नंतर, हे आधी बघायचं. तुकडा मुळाच्या वरच्या सरळ भागात दिसत असेल तर आजही काढतो. शेजारून दहा नंबरची जांभळी फाइल सरकली तर तिथूनच वाट करतो. वळणापलीकडे रुतला असेल तर हात आवरतो. हे शेवटचं शिकायला फार वर्षं गेली.

गेल्या वर्षी मसाल्याच्या दुकानातल्या एका काकूंच्या दाढेत टोक राहिलं. सफाई जवळजवळ झाली होती, पण मुळाखाली काळा डाग आधीपासून होता; अशा दाढेचा भरवसा कमी. रबर डॅम काढला, स्क्रीनवरची पांढरी रेघ दाखवली. "सुईचं टोक तुटलं, माझ्या हातून. काढायला गेलो तर दाढ जाईल. राहिलं तरी लक्ष ठेवावं लागेल."

काकू बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या. "मग पैसे कमी घेणार ना?"

घेतले.

गणपतीच्या आधी तपासणीला आल्या. खुर्चीत टेकता टेकता म्हणाल्या, "बघा हो डॉक्टर, तुमची सुई काय म्हणतेय." डाग निम्म्यावर आला होता.